नेलपॉलिशच्या जोरावर बसलेले टोपण

जुनी फाउंटन पेने ऑनलाइन विकत घेणाऱ्यांपैकी आणखी कोणी याच पद्धतीने फसू नये, म्हणून ही हकिकत तपशिलात लिहीत आहे. गेल्या दिवाळीच्या सुमारास मी एका विक्रेत्याकडून ‘पार्कर 51’ साडेचार हजार रुपयांना घेतले. काळी दांडी आणि रोल्ड गोल्डचे, म्हणजे सोन्याचा पातळ थर चढवलेले, सोनेरी टोपण अशी ती जोडी होती आणि खरे सांगायचे तर मी भाव मोजला तो त्या टोपणासाठीच. स्टीलच्या टोपणाचे तेच पेन बरेच स्वस्तात मिळते.

1941 साली बाजारात आलेल्या या पेनाचे टोपण आट्यांचे नसते. निब झाकणारे पुढचे आवरण (हूड) आणि दांडी यांच्या सांध्यावर धातूची एक अरुंद कडी असते आणि टोपणाच्या आत लवचीक धातूची पाती असतात. टोपण सरकवले की ही पाती त्या कडीला धरून ठेवतात. ‘टक्’ असा आवाज होत नाही, शेवटी फक्त हलकीशी पकड जाणवते. ही पाती वापराने सैल होतात हे मला ठाऊक होते, म्हणून पैसे पाठवण्यापूर्वी मी व्हिडिओ मागितला. विक्रेत्याने केवळ टोपणाला धरून पेन लटकवले, दोनदा झटकून दाखवले, तरी दांडी जागची हलली नाही. इतके डोळ्यांनी पाहिल्यावर शंकेला जागाच उरली नव्हती. मी लगेच यूपीआयने पैसे पाठवले.

आठवडाभर पेन उत्तम चालले. नवव्या दिवशी बँकेत सही करण्यासाठी खिशाला हात घातला, तर हातात नुसते टोपण आले आणि दांडी खिशातच राहिली. तो शर्ट पुन्हा घालण्याच्या लायकीचा उरला नाही.

प्रथम मी स्वतःलाच दोष दिला. वाळलेली शाई पात्यांत अडकली असेल, म्हणून कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या काडीने टोपण आतून पुसले; टोपणाच्या ओठाला तडा गेला आहे का, तेही उजेडात फिरवून पाहिले. पाती किंचित आत दाबली की पकड परत येते, परंतु ते काम जाणत्या कारागिराचे असल्याने मी त्याला हात लावला नाही. न लावला हेच बरे झाले, कारण दोष पात्यांचा नव्हताच. भिंगातून कडी पाहिली, तेव्हा तिच्या एका बाजूला कांद्याच्या पापुद्र्यासारखा पारदर्शक थर सुटून आलेला दिसला. मी तो बराच वेळ न्याहाळत बसलो होतो, पत्नीने एका नजरेत निकाल दिला, “अहो, हे नेलपॉलिश आहे.”

कडीवर थर देऊन ती जाड केलेली होती. तशी गरज का पडली, हे काकांचे जुने ‘51’ शेजारी ठेवल्यावर कळले. 1948 पासून या पेनाचे ‘डेमी’ नावाचे आखूड आणि थोडे बारीक रूपही निघत असे. टोपण लावलेले पूर्ण मापाचे पेन सुमारे पावणेचौदा सेंटिमीटर भरते, डेमी त्याहून जवळपास एक सेंटिमीटर कमी. माझी दांडी डेमीची होती आणि टोपण पूर्ण मापाचे. दोन्ही वस्तू अस्सल, जोडी मात्र बनावट! काकांच्या पेनावर माझे टोपण बसवून पाहिले, तर ते असे चपखल बसले की मला स्वतःचाच राग आला.

विक्रेत्याचे पहिले उत्तर होते, “दादा, जुनी वस्तू आहे, सैल होणारच.” थराचा फोटो पाठवल्यावर “कुरिअरमध्ये काहीतरी झाले असेल,” असे उत्तर आले, आणि दोन्ही मापांचा फोटो पाठवल्यावर त्याने मला ब्लॉक केले.

त्यामुळे केवळ पकडीच्या व्हिडिओवर विसंबू नये, कारण ती पकड चार दिवसांपुरती तयार करता येते. पट्टीशेजारी ठेवलेल्या पेनाचे टोपणासह आणि टोपणाविना असे दोन फोटो मागावेत, कडीचा जवळून काढलेला फोटो मागावा, आणि पार्सल उघडताना स्वतः व्हिडिओ काढावा. तो मी काढला नाही, त्याचा पश्चात्ताप होतो आहे. असा थर आढळलाच तर नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात वापरू नये. त्यातील अ‍ॅसिटोनने या पेनाचे अ‍ॅक्रिलिक विरघळते. मी लाकडी टूथपिकने तो हळूहळू खरवडला.

तक्रार मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर नोंदवली आहे. विक्री हा ज्याचा नेहमीचा व्यवसाय आहे, अशा माणसाविरुद्ध 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली आपल्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे जाता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. त्याने महिनाभरात विकलेल्या अकरा पेनांच्या जाहिरातींचे स्क्रीनशॉट मी ब्लॉक होण्यापूर्वीच जपून ठेवले होते, ते आता कामी येत आहेत.

पेन मी ठेवले आहे. एका कारागिराला डेमीचे टोपण शोधायला सांगितले आहे. तोवर ते सैल टोपण नुसते वर ठेवून पेन टेबलावरच्या पेल्यात उभे असते, आणि सकाळी पहिली दोन अक्षरे कोरडीच जातात.