ॲपचं पॅकेज की पतसंस्था आणि समुपदेशक? अंबड-सातपूरच्या मध्यम कारखान्यासाठी तुलना

नाशिक परिसरात अंबड, सातपूर, सिन्नर किंवा गोंद्याला शंभर ते तीनशे माणसांच्या कारखान्यात मनुष्यबळ खातं तुमच्याकडे असेल, तर ‘कर्मचारी स्वास्थ्य’ पॅकेजचं एखादं माहितीपत्रक तुमच्या टेबलावर येऊन गेलेलं असणार. एकाच मोबाइल ॲपमध्ये दोन सोयी असतात: चोवीस तास फोनवर समुपदेशक, आणि पगाराच्या तारखेआधीच कमावलेल्या पगारातून उचल. कंपनीने माणशी वार्षिक रक्कम भरायची, बाकी सगळं ते बघतात. दुसरा रस्ता जुना आहे. कामगारांची स्वतःची पगारदार पतसंस्था (बोलण्यात ‘सोसायटी’), आणि ठरलेल्या वारी कारखान्यात येऊन बसणारा समुपदेशक. मी सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात हे काम बघतो. आम्ही आधी ॲप घेतलं, करार संपेपर्यंत चालवलं, मग दुसऱ्या रस्त्याला लागलो. तुमची माणसं वेगळी असतील तर तुमचं उत्तर वेगळं येऊ शकतं, म्हणून काय पाहिलं ते सविस्तर सांगतो.

मन आणि पैसा हे दोन विषय मी मुद्दाम एकत्र ठेवतोय. शॉप फ्लोअरवर, म्हणजे प्रत्यक्ष मशीनपाशी, ते वेगळे नसतातच. आमच्याकडचे निम्मेअधिक लोक निफाड, दिंडोरी, चांदवड, कळवण या भागांतून आलेले आहेत. घरी भाऊ किंवा वडील द्राक्षाची बाग सांभाळतात. ऑक्टोबर छाटणीनंतर औषधांचा खर्च सुरू होतो, तेव्हा पैसा शहरातल्या पगारातून गावाकडे जातो. फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली की बागेवरचं कर्ज याच पगारावर येऊन बसतं. पगार अंबडचा आणि कर्ज निफाडचं. अशा माणसाला झोप लागत नाही, मशीनवर लक्ष राहत नाही, सुपरवायझरशी खटके उडतात. त्याला फक्त श्वासाचे व्यायाम सांगून भागत नाही, आणि फक्त उचल देऊनही भागत नाही.

ॲपच्या बाजूने आधी सांगतो, कारण त्या बाजूला खरंच काही आहे. सुरू करायला काही लागत नाही. करारावर सही झाली की पंधरवड्याच्या आत सगळ्यांच्या फोनवर दुवा येतो. आमचे विक्रीचे इंजिनिअर महिन्यातले बरेच दिवस पुणे, छत्रपती संभाजीनगर, वापीकडे असतात. त्यांना कारखान्यात बसलेल्या समुपदेशकाचा उपयोग शून्य. त्यांनी ॲप वापरलं आणि त्यांना ते आवडलं. अकाउंट्समधल्या एका बाईंनी नंतर मला आपणहून सांगितलं की रात्री मुलं झोपल्यावर बोलता आलं हेच त्यांना महत्त्वाचं वाटलं. दिवसा कुणाच्या खोलीत जाऊन बसणं त्यांना जमलंच नसतं. गंगापूर रोडवर किंवा इंदिरानगरात आयटीचं ऑफिस असेल, सगळ्यांकडे लॅपटॉप आणि कंपनीचा ईमेल असेल, तर मी आजही ॲपला नाही म्हणणार नाही.

आमचं मन फिरलं ते एका साध्या कागदावरून.

दर तिमाहीला पुरवठादाराकडून वापराचा अहवाल यायचा. त्यात नाव नाही, नंबर नाही. फक्त विभाग, वयोगट आणि किती जणांनी समुपदेशन घेतलं तो आकडा. मोठ्या कंपनीत याने काही बिघडत नाही. आमच्या टूलरूममध्ये (साचे आणि हत्यारं बनवणारा विभाग) मात्र सहा माणसं. अहवालात ओळ होती: टूलरूम, पंचेचाळीसच्या वरचे, एक. आणि टूलरूममध्ये पंचेचाळीसच्या वरचा माणूस एकच होता. कागद हातात घेतल्या क्षणी मला कळलं, आणि ते मला कळायला नको होतं. मी तो अहवाल पुढे कुणाला दाखवला नाही. पण दर तिमाहीला असा कागद येणार आणि मनुष्यबळ खात्यातला कुणीही माणूस तो वाचणार, हे डोक्यातून जाईना.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 रुग्णाला त्याच्या मानसिक आजाराची आणि उपचारांची माहिती गोपनीय राहण्याचा हक्क देतो. अहवालात नाव नसल्यामुळे कागदोपत्री सगळं नीटच होतं. पुरवठादाराला विचारलं तेव्हा उत्तर सभ्य आणि सरळ मिळालं: माणशी पैसे घेतो, त्यामुळे कोण पात्र आहे हे तपासावं लागतं, आणि तुम्ही पैसे भरता त्याचा वापर झाला हे दाखवावं लागतं. त्यांच्या जागी त्यांचं बरोबर होतं. याच कारणाने ॲप उघडलं की पहिल्याच पानावर कर्मचारी क्रमांक मागायचे. पंचिंगला जो क्रमांक, पगाराच्या पावतीवर जो क्रमांक, तोच इथे. हा नंबर टाकला म्हणजे ऑफिसात समजणार, असं कामगार एकमेकांना सांगायचे. मी त्यांना तसं काही नसतं असं सांगत होतो, आणि माझ्याच टेबलावर टूलरूमची ती ओळ पडलेली होती. त्यानंतर मला ते सांगणं जमेना.

यातून माझी पक्की समजूत झाली ती अशी: पैसे कशाचे मोजता यावर गोपनीयता ठरते. माणशी पैसे भरले की माणसं मोजावी लागतात. तासावर पैसे भरले की कुणालाच मोजावं लागत नाही.

म्हणून आता आमच्याकडे समुपदेशक बाई येतात, त्या तासांच्या हिशोबाने. चार तास बसल्या तर चार तासांचं बिल. चार माणसं आली की एक, याच्याशी कंपनीला देणंघेणं नाही. नोंदवही नाही, अहवाल नाही. बसायची जागा मनुष्यबळ खात्याच्या केबिनशेजारी ठेवली नाही. प्रथमोपचाराच्या खोलीत आतली बाजू दिली. तिथे रक्तदाब तपासायला, पट्टी बांधायला, डोळ्यात कण गेला म्हणून दिवसभर कुणी ना कुणी जातच असतं, त्यामुळे कोण कशासाठी गेलं हे बाहेरून ओळखू येत नाही. समुपदेशक बाई मराठी आहेत, बाग म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही. त्यांनी सुपरवायझरांसोबतही काही बैठका घेतल्या. खचलेला माणूस कसा ओळखायचा, त्याच्याशी चारचौघांत काय बोलायचं नाही, एवढंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याविषयीच्या मार्गदर्शक सूचनांत हाताखाली माणसं असणाऱ्यांच्या प्रशिक्षणावर वेगळा भर आहे, आणि माझ्या अनुभवात तो योग्य आहे. आमच्या पॅकेजमध्ये हा भाग नव्हता. इतरांच्या असू शकेल, विचारून घ्या.

किती फरक पडला याचा आकडा माझ्याकडे नाही, आणि वरच्या व्यवस्थेत तो निघणारही नाही. मला दिसतं ते एवढंच की लोक जातात, आणि जाऊन आलेला दुसऱ्याला पाठवतो.

आता पैशाची बाजू. पगाराआधीची उचल दिसायला निरुपद्रवी असते. समजा पगाराच्या दहा दिवस आधी 5,000 रुपये काढले आणि शंभर रुपये शुल्क गेलं. शंभराचं काय एवढं, असं कुणालाही वाटेल. दहा दिवसांना दोन टक्के म्हणजे वर्षाला 73 टक्के. काही कंपन्या हे शुल्क स्वतः भरतात, मग हा आक्षेप उरत नाही. पण दुसरा उरतो. या महिन्यात 5,000 आधी घेतले की पुढचा पगार तेवढ्याने कमी येतो, म्हणून पुढच्या महिन्यात पुन्हा घ्यावे लागतात. आमच्याकडे एकदा उचल घेतलेले बरेच जण दर महिन्याला घेऊ लागले. अचानक आलेल्या दवाखान्याच्या खर्चाला ही सोय चांगली. मुलीचं लग्न, डिप्लोमाची फी, बागेचं औषध यांना ती पुरत नाही, आणि मग माणूस सावकाराकडेच जातो.

सावकाराचा हिशोब अंबडमध्ये सगळ्यांना पाठ आहे. महिना दहा टक्क्यांनी 20,000 घेतले तर महिन्याला 2,000 नुसतं व्याज, मुद्दल तिथंच. तेच 20,000 पतसंस्थेतून वर्षाला बारा टक्के, घटत्या शिलकीवरच्या व्याजाने घेतले तर हप्ता साधारण 1,777 रुपये, आणि बारा हप्त्यांत कर्ज संपलेलं. सावकाराला दरमहा जेवढं नुसतं व्याज जातं त्यापेक्षा कमी पैशात वर्षभरात मोकळं होता येतं. समुपदेशक बाईंकडे ‘झोप लागत नाही’ म्हणून आलेल्या माणसाला त्या म्हणूनच काही वेळा सोसायटीच्या सचिवाकडे जायला सुचवतात. कुणाला पाठवलं हे मला सांगत नाहीत. ॲपमध्ये हे दोन्ही भाग एकाच पडद्यावर असूनही एकमेकांशी बोलत नव्हते.

सोसायटीच्या कर्जाची कुणाला लाजही वाटत नाही. पगाराच्या पावतीवर ‘सोसायटी’ हा रकाना सगळ्यांच्याच असतो, ज्याने कर्ज घेतलं नाही त्याचीही वर्गणी तिथून जाते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 49 प्रमाणे सभासदाने लिहून दिलं की कंपनी पगारातून हप्ता कापून संस्थेकडे भरते, आणि कंपनीने तो भरला नाही तर संस्था कंपनीकडूनच वसूल करू शकते. एक गोष्ट मात्र पगारपत्रक करणाऱ्याने डोळ्यांत तेल घालून बघावी: सगळ्या कपाती मिळून पगाराच्या 50 टक्क्यांच्या वर जाता कामा नयेत, हे वेतन संहिता, 2019 चं बंधन आहे. कर्ज मंजूर करतानाच ते बघितलं नाही तर पुढे हप्ता बसत नाही आणि जामीनदार अडकतात.

जामीनदार हेच पतसंस्थेचं दुखणं आहे, ते लपवायचं कारण नाही. एकाचा हप्ता थकला की शेजारच्या मशीनवरच्या दोघांच्या पगारातून जातो, आणि वर्षानुवर्षं एका डब्यात जेवणारे बोलेनासे होतात. नोंदणीला महिने लागतात. उपनिबंधकांच्या कार्यालयात फेऱ्या, पोटनियम, दरवर्षी लेखापरीक्षण, 30 सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा, संचालकांची निवडणूक हे सगळं आलं. कंपनीने त्यात नाक खुपसायचं नाही, हेही सोपं नसतं. पन्नासच्या आतलं युनिट असेल तर या वाटेला जाऊ नये असं मला वाटतं. त्यांनी कंपनीचीच बिनव्याजी उचल द्यावी, मात्र किती, कधी आणि किती हप्त्यांत फेडायची याचा नियम फलकावर लावून. आज याला, उद्या त्याला, असं मालकाच्या मर्जीवर राहिलं की त्यातूनच नवा मनस्ताप तयार होतो.

दोन्ही रस्ते तोकडे पडतात ते ठेकेदारी कामगारांपाशी. ॲपचं माणशी शुल्क त्यांच्यासाठी सहसा कुणी भरत नाही, आणि पतसंस्थेचे पोटनियम बहुधा कायम कामगारांपुरतेच असतात. समुपदेशक तासावर असल्यामुळे निदान त्यांचं दार तरी सगळ्यांना उघडं ठेवता येतं, आम्ही ठेवलंय. शिवाय ज्यांचं वेतन 21,000 रुपयांपर्यंत आहे ते ठेकेदाराकडचे असले तरी राज्य कामगार विम्यात (ईएसआय) येतात. सातपूरचं विमा रुग्णालय आहे. आजारपणाच्या रजेत वेतनाच्या 70 टक्के दराने 91 दिवस लाभ मिळतो, आणि दीर्घ आजारांच्या यादीत सायकोसिसही (वास्तवाचं भान सुटणारा गंभीर मानसिक आजार) आहे, त्यात पात्रता असेल तर 80 टक्के दराने दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. विम्याचं कार्ड खिशात असलेल्या बहुतेकांना हे ठाऊक नसतं. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा 14416 हा क्रमांक तर कुणालाही फुकट आहे, चोवीस तास आणि मराठीतही. तिथे कर्मचारी क्रमांक कुणी मागत नाही. तो आम्ही कॅन्टीनमध्ये, लॉकरच्या दारांवर आणि संडासाच्या दारांवर आतून लावला आहे. रात्रीच्या शिफ्टसाठी ॲपची जी सोय होती तिची बरीचशी भरपाई त्याने होते, पूर्ण नाही.

खर्चाच्या बाबतीत आमच्या आकाराला दोन्ही जवळपास सारखेच पडले. तीनशेच्या वर गेलात तर समुपदेशकाचे तास वाढवावे लागतील, आणि अनेक गावांत शाखा असतील तर ॲपचं पारडं जड होईल.

ॲपच घ्यायचं ठरलं असेल, तर करारात दोन ओळी लिहून घ्या. पंधरापेक्षा कमी माणसांच्या विभागाचा वेगळा आकडा अहवालात येणार नाही. आणि वयोगट व विभाग एकाच तक्त्यात येणार नाहीत. चांगला पुरवठादार याला नाही म्हणणार नाही. आणि समुपदेशक बोलावणार असाल तर त्यांची वेळ पहिली शिफ्ट सुटते आणि दुसरी लागते त्याच्या आगेमागे ठेवा, म्हणजे दोन्हीकडच्यांना सुपरवायझरची परवानगी न मागता जाता येतं.