लायटर चकतीला लावला, पर्सला नाही

परवा संध्याकाळी घरी येताना एका मंगल कार्यालयाच्या फाटकावर फलक दिसला. 'अस्सल लेदर, निर्यातीचा माल, फक्त तीन दिवस.' मी स्कूटर बाजूला घेऊन थांबलेच. दोन वर्षांपूर्वी अशाच एका फलकापायी माझे सहा हजार तीनशे रुपये गेले होते. ही गोष्ट मी नवरा आणि वहिनी सोडून कुणाला सांगितली नव्हती. पण तो फलक बघून गप्प राहणं पटेना, म्हणून लिहिते आहे.

मी ज्युनियर कॉलेजात शिकवते. घरापासून मेट्रो स्टेशनपर्यंत स्कूटर, मग मेट्रो, मग दहा मिनिटं पायी. पर्समध्ये डबा, लिटरभर पाण्याची बाटली, चष्मा, तोंडाला बांधायचा स्टोल आणि परीक्षेच्या दिवसांत पेपरांचा गठ्ठा. उन्हाळ्यात त्यात एक कांदाही असतो, कारण ऊन लागू नये म्हणून सासूबाई तो ठेवल्याशिवाय घराबाहेर पडू देत नाहीत. कापडी पिशव्या दर सहा महिन्यांनी फाटायच्या. त्या जानेवारीत माझी भिशी लागली आणि मी ठरवलं, एकदाच चामड्याची चांगली पर्स घ्यायची, दहा वर्षं बघायला नको.

तेव्हाच्या त्या विक्रीच्या हॉलमध्ये शिरताच चामड्याचा वास आला आणि माझा अर्धा विश्वास तिथंच बसला. टेबलांवर पर्सा, पाकिटं, पट्टे मांडलेले. विक्रेता म्हणाला, माल कानपूरचा, परदेशातली ऑर्डर रद्द झाली म्हणून निम्म्या भावात काढतो आहे. कानपूर चामड्यासाठी नावाजलेलं आहेच, त्यामुळे शंका आली नाही. मी एकच प्रश्न विचारला, "भैया, असली है ना?"

तो या प्रश्नाची वाटच बघत होता. पर्सच्या कडीला दोऱ्यानं चामड्याची एक चकती बांधली होती, रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी. त्यानं खिशातून लायटर काढला, ती चकती चिमटीत धरली आणि ज्योत तिच्या कडेला लावली. कडा जराशी काळवंडली, पेटली नाही. केस जळल्यासारखा वास आला. "देखिए मॅडमजी, प्लास्टिक होता तो पिघल जाता." मग पर्सवर पाण्याचे थेंब टाकले, ते घरंगळून गेले. आजूबाजूच्या बायका बघत होत्या. माझ्या देखत दोघींनी पर्सा घेतल्या. साडेआठ हजारांची पर्स त्यानं साडेसहाला दिली, आणि रोख दिले तर आणखी दोनशे कमी म्हणाला. मी समोरच्या एटीएममधून पैसे काढून आणले. बिल म्हणून एका कागदावर 'लेडीज बॅग 1' असं लिहून रक्कम टाकली. खाली एक मोबाइल नंबर होता.

एप्रिल-मेपर्यंत काही कळलं नाही. नागपूरचा मे कसा असतो ते नागपूरकरांना सांगायला नको. पारा 45 च्या वर, आणि पर्स तासन् तास उन्हात उभ्या स्कूटरच्या डिकीत. जूनमध्ये पट्टा चिकट लागायला लागला. जुलैत पावसाची झड लागली आणि एके दिवशी वर्गात एका मुलीनं सांगितलं, "मॅडम, तुमच्या खांद्यावर काहीतरी काळं पडलंय." मोतिया रंगाच्या कुर्त्यावर पापडाच्या चुऱ्यासारखे काळे कपटे होते. पट्ट्याची साल निघत होती. ऑगस्टमध्ये झाशी राणी चौक स्टेशनच्या जिन्यावर पट्टा मुळातूनच उपटला. डबा घरंगळत खाली गेला, बाटली फुटली आणि घटक चाचणीचे सगळे पेपर भिजले. दुसऱ्यांच्या लेकरांचे पेपर होते ते. त्या दिवशी मला खरंच रडू आलं.

सीताबर्डीवर एक जुने चर्मकार काका बसतात, त्यांच्याकडे पर्स नेली. त्यांनी ती उलटी केली, पट्टा जिथं उपटला होता तिथं नख घातलं आणि मान हलवली. "मॅडम, हे चामडं नाही होय जी." त्यांनी रापीनं कडेची शिवण उसवून मला आत दाखवलं. वर कागदाहून पातळ काळा पापुद्रा, खाली जाळीदार पांढरं कापड, त्याखाली पुठ्ठा. पट्टा पुठ्ठ्यात दोन टाक्यांवर उभा होता. मग त्यांनी ती चकती हातात घेतली, वाकवली, कडा उजेडात धरली. कडेला बारीक बारीक तंतू दिसत होते. "हे मात्र खरं आहे," ते म्हणाले. "बकरीचं असंल."

म्हणजे माझ्यासमोर चामडंच जाळलं होतं. फक्त ते माझ्या पर्सचं नव्हतं.

हे वाचणाऱ्या प्रत्येकीनं लक्षात ठेवावं. परीक्षा विक्रेता करून दाखवत असेल तर तिचा काडीचा उपयोग नाही. ज्योत भर्रकन फिरवली तर रेक्झिनलाही काही होत नाही. वर लेप दिलेल्या खऱ्या चामड्यावरूनही पाणी घरंगळतं आणि रेक्झिनवरूनही, त्यामुळे पाण्यावरून काहीच सिद्ध होत नाही. चामड्याच्या वासाचे फवारे मिळतात. आपण बघायची ती कापलेली कडा, तीही पट्ट्याच्या टोकाची, किंवा झाकणाची आतली बाजू. खरं चामडं आतून मखमलीसारखं लवदार असतं, कडेला तंतू दिसतात. कडेला जाड रंग फासलेला असेल तर न रंगवलेली एखादी जागा दाखवायला सांगा. अंगठ्यानं दाबलं की खऱ्या चामड्यावर बारीक सुरकुत्या पसरतात, नकलीवर नुसता खड्डा पडतो. आणि वरची नक्षी इथूनतिथून हुबेहूब सारखी असेल तर ती साच्यानं उठवलेली आहे.

'जेन्युइन लेदर' या शिक्क्यावर मी आता अजिबात विसंबत नाही. कातडं जाड असलं की यंत्रानं त्याचे थर करतात. वरचा थर घट्ट विणीचा आणि टिकाऊ, त्याला फुल ग्रेन किंवा टॉप ग्रेन म्हणतात. खालचा थर सैल, तो स्प्लिट. त्यावर प्लास्टिकचा लेप दिला तरी तो जेन्युइन लेदर म्हणून विकला जातो. बाँडेड लेदर म्हणजे चामड्याचा चुरा डिंकासारख्या द्रव्यात बांधून कापडावर थापलेला. माझी पर्स यातलीही नव्हती, निव्वळ पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन नावाच्या प्लास्टिकची होती. पीयूचा लेप दमटपणानं तुटतो आणि उष्णतेत ते आणखी लवकर होतं. आधी मे, मग जुलै, नागपुरात तो किती टिकणार?

पैसे परत मिळाले नाहीत. तो मोबाइल बंद होता. हॉलवाले म्हणाले, आम्ही फक्त जागा भाड्यानं देतो. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 नंबरवर फोन केला, तिथल्या मुलीनं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, विकणाऱ्याचं नाव-पत्ता काय? माझ्याकडे दोन्ही नव्हतं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित प्रथा धरली आहे. बिलावर मुदत नसेल तर सदोष वस्तू 30 दिवसांत परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला जिल्हा आयोगात शुल्कही लागत नाही. पण तक्रार करायची कुणाविरुद्ध? दोनशे रुपयांसाठी मी रोख दिले, तिथंच माझ्या हातातला पुरावा गेला. यूपीआयनं दिले असते तर निदान एक नाव उरलं असतं. बिलावर 15 अंक-अक्षरांचा जीएसटी नंबर मागा. महाराष्ट्रातला असेल तर तो 27 ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर तिथंच उभ्या उभ्या तपासता येतो. बिलात 'बॅग' नव्हे, 'चामड्याची बॅग' असं लिहून घ्या.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. त्यानं माझं सगळं लक्ष खरं की खोटं यातच अडकवून ठेवलं. ती पर्स खऱ्या चामड्याची असती तरी माझ्या कामाची नव्हती. वर चेन नाही, नुसतं चुंबकाचं बटण, मेट्रोच्या गर्दीत कुणीही हात घालावा. पट्टे इतके आखूड की हिवाळ्यात स्वेटरवरून खांद्यावर चढत नव्हते. आतलं अस्तर काळं, किल्ली शोधायला स्टेशनवर पर्स पालथी करावी लागे. एकदा मी रोजचं सगळं सामान स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं, तीन किलो चारशे ग्रॅम भरलं. मग जाड चामड्याची किलोभर वजनाची पर्स घेऊन माझ्या खांद्याचं काय झालं असतं?

पुढच्या वर्षी त्या काकांनी सांगितलेल्या कारागिराकडून साधी पर्स करून घेतली. पट्टे पर्सच्या पोटाखालून फिरवलेले आहेत, म्हणजे भार टाक्यांवर येत नाही. वर चेन, आत पिवळं अस्तर, आणि बाटलीसाठी वेगळी कापडी पिशवी, कारण बाटलीचं ओझं चामड्यावर घालायचंच नाही असं मी ठरवलं. पावसाळ्यात तिच्यात वर्तमानपत्र कोंबून सुती पिशवीत ठेवते. दीड पावसाळा झाला, पट्टा जिथल्या तिथं आहे.

काल वहिनीला घेऊन त्या मंगल कार्यालयात गेले. माणूस वेगळा होता, पण टेबलं तीच, वास तोच, पर्सच्या कडीला तशीच चकती. एक ताई पर्स हातात घेऊन विचारत होत्या, खरं आहे ना? त्यानं लायटर काढला. मी म्हटलं, "भैया, चकतीला नको, या पट्ट्याच्या टोकाला लावा." तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं लायटर खिशात ठेवला आणि त्या ताईंच्या हातातून पर्स काढून घेतली.