कॉक्स-२ साठी थ्रीटीथ्री पेशी घ्याव्यात की हिरडीच्या?

संभाजीनगर, नांदेड, लातूरकडे वाढघटक (पेशींना वाढायला लावणारी प्रथिनं) आणि दाह या विषयावर, म्हणजे कॉक्स-२ या दाहात प्रोस्टाग्लँडिन बनवणाऱ्या विकरावर काम सुरू करणाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, फायब्रोब्लास्ट (कोलॅजन बनवणाऱ्या पेशी) कुठले घ्यायचे? उंदराच्या एनआयएच थ्रीटीथ्री (NIH 3T3) पेशी, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढत राहणारी तयार लाइन, की माणसाच्या हिरडीतून स्वतः वाढवलेल्या? मी दोन्हींवर काम केलंय, त्यामुळे अनुभवाचं बोलतो. तुमच्याकडे चित्र थोडं वेगळंही असू शकेल.

थ्रीटीथ्रीच्या सोयीला तोड नाही. पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेच्या पेशीसंग्रहातून (रिपॉझिटरी) मागवा, हव्या तेवढ्या वाढवा, गोठवून ठेवा. आपल्याकडे उन्हाळ्यात वीज जाऊन इन्क्युबेटर बंद पडला तरी पुन्हा सुरुवात करता येते. शिवाय १९९१ मध्ये कॉक्स-२ चं जनुक सापडलं ते कोंबडीच्या फायब्रोब्लास्टमध्ये आणि यांच्याच भावंडांत, म्हणजे स्विस थ्रीटीथ्रीत. प्लाझ्मिडही (बाहेरून घालायचं डीएनएचं वर्तुळ) त्या चटकन आत घेतात. प्रमोटर ल्युसिफरेज, म्हणजे जनुक किती चालू आहे ते प्रकाशावरून मोजायचा प्रयोग, करायचं असेल तर मीही त्याच घेईन.

मला नडली ती शून्य तासाची पट्टी, म्हणजे काहीच न घातलेल्या पेशींची ब्लॉटवरची (प्रथिन मोजायच्या चाचणीतली) कॉक्स-२ ची खूण. रक्त गोठताना प्लेटलेटमधलं पीडीजीएफ आणि टीजीएफ-बीटा हे वाढघटक सिरममध्ये उतरतात, आणि पेशींच्या माध्यमात सिरम असतंच. त्यामुळे नुसतं ताजं माध्यम घातलं तरी कॉक्स-२ वर येतं. म्हणून आधी ०.५ टक्के सिरममध्ये रात्रभर उपाशी ठेवायचं आणि माध्यम न बदलता त्यातच पीडीजीएफ सोडायचं. चांगल्या पेशी त्यात शांत होतात. पण ही लाइन एका लॅबमधून दुसऱ्या लॅबमध्ये फिरते, मध्ये कुणीतरी फ्लास्क गच्च भरू देतं, आणि एकमेकींना टेकल्यावर थांबायचं सोडून दिलेल्या पेशींचीच संख्या वाढत जाते. त्या उपाशीपोटीही विभागत राहतात. माझ्या ब्लॉटवर ॲक्टिन (तुलनेसाठीचं प्रथिन) सगळीकडे सारखं, ट्रान्स्फर स्वच्छ, तरी काहीच न घातलेल्या विहिरीत (प्लेटच्या खळग्यात) कॉक्स-२ ठसठशीत. पीडीजीएफने वाढलं ते दीडपट म्हणायचं की तिप्पट? पायाच हलत असेल तर पटीला अर्थ उरत नाही. गोठवलेली नवी व्हायल (कुपी) काढली की काही काळ बरं चालायचं, मग पुन्हा तेच.

हिरडीच्या पेशी मिळवणं कष्टाचं आहे. एथिक्स समितीची परवानगी लागते, तुकड्यातून पेशी बाहेर यायला दोन-तीन आठवडे जातात, आणि सातव्या-आठव्या पॅसेजनंतर (पेशी नव्या भांड्यात हलवण्याच्या फेरीनंतर) त्यांचा भरवसा धरू नये. दातांना तारा लावण्याआधी प्रीमोलर (उपदाढा) काढतात तेव्हाची निरोगी हिरडी सर्वांत चांगली. मुलं वयाने लहान असतात, म्हणून संमती आई-वडिलांची. खेड्यातून आलेल्या एका आईने फॉर्मवर सही करण्याआधी विचारलं होतं, "सर, जास्तीचं तर कापणार नाहीत ना?" दात काढताना जे निघतं तेवढंच घेतो, हे त्यांना नीट बसून सांगायला वेळ काढा. सुपारी, गुटखा खातो का, हे मुलाला वेगळं घेऊन विचारा. आई-वडिलांसमोर तो खरं सांगेलच असं नाही. सुपारीतलं अरेकोलिन स्वतःच तोंडातल्या फायब्रोब्लास्टमध्ये कॉक्स-२ वाढवतं, आणि आपल्या भागात हा प्रश्न टाळून चालत नाही.

दाता बदलला की प्रतिसादही बदलतो, म्हणून किमान तीन दाते हवेतच. पण माझ्याकडे प्रत्येक दात्याची शून्य तासाची विहीर जवळपास कोरी राहिली. आयएल-१ बीटा या दाहाच्या संदेशकाच्या जोडीला ईजीएफ हा वाढघटक दिल्यावर कॉक्स-२ मुळे बनणारं प्रोस्टाग्लँडिन ई२ आणखी वर जातं, ते अशा पेशींत स्वच्छ दिसतं. टीजीएफ-बीटा एमएमपी-१ या कोलॅजन तोडणाऱ्या विकराला कसं दाबतं हे बघायचं असेल तर उंदराच्या पेशी फारशा कामाच्या नाहीत, कारण कोलॅजन तोडायचं ते काम उंदरात बहुतांशी एमएमपी-१३ करतं.

प्रबंधाला वर्षच उरलं असेल तर थ्रीटीथ्री घ्या, पण व्हायल रिपॉझिटरीतून थेट मागवा, शेजारच्या लॅबमधून नको. हाताशी दंत महाविद्यालय आणि दोन वर्षं असतील, तर मी हिरडीकडे वळेन. दुसऱ्या-तिसऱ्या पॅसेजलाच व्हायली गोठवा आणि दोन वेगळ्या टाक्यांत ठेवा, कारण नायट्रोजनची गाडी दरवेळी वेळेवर येतेच असं नाही.