बर्डीतून आणलेला चोर

'डेंजर: डायबॉलिक' (1968), सेकंडहँड डीव्हीडी, नागपुरात बर्डीच्या फुटपाथवरून, 120 रुपये. "काका, चेक करूनच देतो," म्हणाला पोरगा. चालते, पण मध्येच एका जागी अडकते आणि सबटायटल बोलणाऱ्याच्या मागून रखडत येतात. डिस्कला पाचपैकी दोन.

सिनेमाला साडेचार.

मे महिना, पारा 45 वर, खिडकीत कूलर धडधडतोय. निम्मे संवाद त्यातच गेले, काही अडलं नाही. दिग्दर्शक मारिओ बाव्हा मुळातला कॅमेरामन, गडी डोळ्यांशीच बोलतो. किल्ल्यावरची चोरी बघा. पहारा कॅमेऱ्यांचा. चोर, म्हणजे डायबॉलिक, पोलरॉइडवर (फोटो लगेच छापून देणारा कॅमेरा) रिकाम्या जागेचा फोटो काढतो आणि कॅमेऱ्यासमोर लावून टाकतो. पोलीस पडद्यावर तो फोटो बघत निवांत! मग पांढऱ्या कपड्यांत, हातापायांना रबरी वाट्या लावून भिंत चढतो, पालीसारखा. मी दोनदा मागे नेऊन पाहिलं. त्याचं भुयारातलं घर तर बाव्हानं बरंचसं काचेवर रंगवून उभं केलंय, हे माहीत असूनही डोळे फसतात.

आपल्याकडच्या चोराला आधी आजारी आई लागते, नाहीतर बहिणीचं लग्न. याला प्रेयसी ईव्हाच्या वाढदिवसाला पाचूंचा हार द्यायचाय, बस्स. मला हेच आवडलं. मूळ कॉमिक 1962 मध्ये मिलानच्या अँजेला आणि लुचाना जुसानी या बहिणींनी काढलं, रेल्वेच्या प्रवाशांच्या खिशात मावेल एवढ्या आकाराचं.

आता कबुली. मी 31 वर्षं कर खात्यात काढली. हा बाबा करकचेऱ्याच उडवतो, दप्तरासकट! मग अर्थमंत्री टीव्हीवर येऊन हात जोडतो, की ज्याचा जेवढा कर असेल तेवढा त्यानं आपणहून भरावा. मी टाळ्या वाजवल्या. "अहो, पेन्शन कुठनं येते?" ही आतून.

संगीतकार एनिओ मॉरिकोनेची गिटार वाजायला लागली तेव्हा मात्र कूलर बंद केला. दहा मिनिटं. घामानं बनियन भिजलं, ही चिडून माहेरच्या खोलीत, म्हणजे स्वयंपाकघरात.

डिस्क दुसऱ्या दिवशी टूथपेस्ट लावून मऊ फडक्यानं पुसली. आता त्या जागी अडकत नाही. दहा मिनिटं आधीच अडकते.