बाबांची ओसीटी लावून केलेली अँजिओप्लास्टी : काम उत्तम, बिलिंग वाईट

ज्यांच्या घरी कोणाला अँजिओप्लास्टी सांगितलीय त्यांच्यासाठी लिहितेय. आम्ही शोधत होतो तेव्हा मराठीत सगळी चर्चा स्टेंट कुठल्या कंपनीचा आणि केवढ्याला यावरच होती, तो आत नीट बसला की नाही हे कसं बघतात (ओसीटी हा त्याचाच एक प्रकार) यावर जवळपास काहीच सापडलं नाही. हॉस्पिटलचं नाव घेत नाही, पुण्यातलं आहे एवढं पुरे.

साध्या अँजिओग्राफीत डाई सोडून एक्स-रे घेतात, त्यात रक्त जिथून वाहतं त्या वाटेची फक्त सावली दिसते. भिंतीत काय साठलंय, कॅल्शियम किती जाड आहे, नळी खरी किती मिलिमीटरची आहे, हे त्यावरून अंदाजानेच ठरवावं लागतं. बाबांच्या एलएडीत, म्हणजे हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त देणाऱ्या मोठ्या नळीत, लांबलचक ब्लॉकेज आणि त्यात भरपूर कॅल्शियम, म्हणून डॉक्टर म्हणाले की हे आतून बघूनच करू. आतून बघायचे दोन प्रकार आहेत, आयव्हस म्हणजे सोनोग्राफीसारखं आवाजाच्या लहरींवर चालणारं आणि ओसीटी म्हणजे इन्फ्रारेड प्रकाशावर चालणारं. मनगटातून वायर गेलेलीच असते, त्याच वायरवरून बारीक कॅथेटर आत सरकवतात, डाई सोडून रक्त क्षणभर बाजूला करतात आणि दोन-तीन सेकंदांत कॅथेटरमधली लेन्स मागे ओढली जाते, की नळीचा आतला आख्खा भाग स्क्रीनवर. ओसीटीला 10 ते 20 मायक्रॉन इतकं बारीक दिसतं. आयव्हसला एवढं बारीक दिसत नाही पण ते भिंतीत जास्त खोलवर बघतं.

बाबांच्या केसमध्ये याने काय फरक पडला ते सांगते. ओसीटीत दिसलं की कॅल्शियम नळीच्या निम्म्याहून जास्त घेरात आहे, जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या वर आणि लांबी 5 मिलिमीटरच्या वर, म्हणजे नुसता फुगा फुगवून स्टेंट टाकला असता तर तो पूर्ण उघडायची शक्यता कमी. म्हणून आधी शॉकवेव्हचा, म्हणजे लहरींचे झटके देणारा फुगा वापरून कॅल्शियमला तडे पाडले, परत ओसीटी करून तडे खरंच गेलेत का ते बघितलं, मग स्टेंट. आणि स्टेंटनंतर पुन्हा ओसीटी केली तर मधे एका जागी तो कमी उघडलेला, अँजिओच्या चित्रात तीच जागा मस्त दिसत होती! मग जास्त प्रेशरचा फुगा घालून तेवढा भाग उघडला. नंतर डॉक्टरांनी आम्हाला बसवून आधीचं-नंतरचं दोन्ही दाखवलं, आईला पण समजेल असं, यासाठी त्यांचे मनापासून आभार. स्टेंट अर्धवट उघडा राहिला की पुढे गुठळी होणं, परत ब्लॉक होणं हे प्रकार वाढतात, म्हणून ही शेवटची तपासणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

पण प्रत्येकाला हे लागतंच असं नाही. 2023 मध्ये कोरियातल्या 1639 अवघड केसेसच्या अभ्यासात इमेजिंग (म्हणजे आयव्हस किंवा ओसीटी) वापरलेल्यांपैकी 7.7 टक्के लोकांना हृदयविकाराने मृत्यू, त्याच नळीमुळे अटॅक किंवा परत प्रोसिजर यातलं काहीतरी झालं, फक्त अँजिओवर केलेल्यांत 12.3 टक्के. त्याच वर्षी इल्युमियन फोर नावाच्या मोठ्या ओसीटी ट्रायलमध्ये मात्र दोन वर्षांनी असा एकूण फरक दिसला नाही, स्टेंटमध्ये गुठळी होणं तेवढं कमी होतं, 0.5 विरुद्ध 1.4 टक्के. युरोपच्या 2024 च्या गाइडलाइनने लेफ्ट मेन (हृदयाच्या डाव्या बाजूची मुख्य नळी), फाट्यावरचं ब्लॉकेज, लांब ब्लॉकेज अशा अवघड केसेससाठी इमेजिंगची सगळ्यात वरच्या दर्जाची शिफारस केलीय. तुमचं ब्लॉकेज यात बसत असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, छोटं सरळ ब्लॉकेज असेल तर नाही केलं म्हणून घाबरू नका. क्रिएटिनिन (किडनीच्या तपासणीतला आकडा) वाढलेलं असेल तर ते आवर्जून सांगा, कारण ओसीटीला जादा डाई लागते, आयव्हसला त्यासाठी डाई लागत नाही. लेफ्ट मेनच्या अगदी तोंडाशी ब्लॉकेज असेल तरी आयव्हसच बरं पडतं, तिथलं रक्त डाईने नीट बाजूला होत नाही.

आता राग आला ती गोष्ट. एस्टिमेटमध्ये ओसीटीच्या कॅथेटरचा उल्लेखच नव्हता आणि बिलात ती वेगळी ओळ बघून आम्ही चक्रावलो. 2017 मध्ये सरकारने औषधवाल्या स्टेंटची किंमत 29,600 रुपयांवर बांधली होती, त्यामुळे लोकांना वाटतं आता सगळं आटोक्यात आहे, पण ती मर्यादा फक्त स्टेंटला आहे, कॅथेटरला आणि शॉकवेव्हच्या फुग्याला नाही. वर टीपीएने (विम्याचे क्लेम तपासणाऱ्या कंपनीने) क्वेरी काढली की हे कशासाठी वापरलं, आणि बिलिंग काउंटरवरच्या माणसाला ओसीटी म्हणजे काय हेच सांगता येईना, पेशंट घरी जायला तयार बसलेला आणि आम्ही काउंटर ते कॅथलॅब हेलपाटे घालतोय. शेवटी डॉक्टरांनी स्वतः कारण लिहून दिलं तेव्हा क्लेम सुटला. हे पत्र आधीच मागून ठेवा. एस्टिमेटमध्ये इमेजिंग कॅथेटर वेगळं लिहून घ्या आणि ते नवीन, सिंगल-यूज आहे ना तेही विचारा.

डिस्चार्जला आम्हाला फक्त अँजिओची सीडी दिली होती, ओसीटीची मागितल्यावर मिळाली. ती घ्याच, पुढे कधी त्याच नळीत परत त्रास झाला तर स्टेंट त्या दिवशी किती उघडला होता हे नवीन डॉक्टरला त्यातच बघता येईल.