लोअरिंग स्प्रिंगची स्विफ्ट: अलाइनमेंट कंपनीची, घाटाची की ट्रॅकची?

स्विफ्टला लोअरिंग स्प्रिंग टाकले, १६ इंची अलॉयवर २०५ चे टायर चढवले, की अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करावीच लागते. गाडी खाली बसली की कॅम्बर (चाकाचा उभा कल; उणे म्हणजे वरची बाजू आत) आणि टो (वरून पाहिलं तर चाकांची पुढची टोकं आत की बाहेर) दोन्ही जागचे हलतात. प्रश्न एवढाच, की ते कुठे आणून ठेवायचे.

कंपनीच्या सेटिंगमध्ये पुढचा कॅम्बर आणि टो दोन्ही शून्याच्या आसपास असतात. टायर सारखे झिजतात, एक्स्प्रेस-वेवर स्टीअरिंगकडे फार लक्ष द्यावं लागत नाही. पण ताम्हिणीत जरा जोरात वळण घ्या. गाडी बाहेरच्या बाजूला कलते, मॅकफर्सन स्ट्रटमुळे (स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर एकत्र असलेला सस्पेन्शनचा खांब) त्या बाजूचं चाकही तिच्यासोबत कलतं आणि सगळा भार टायरच्या बाहेरच्या कडेवर येतो. मग स्टीअरिंग कितीही फिरवा, नाक वळणाबाहेरच जातं. रुंद टायरला मोजलेले पैसे इथे वाया जातात.

घाटाच्या सेटिंगमध्ये पुढे −१ ते −१.५ अंश कॅम्बर आणि टो शून्य. चाक आधीच किंचित आत झुकलेलं असल्यामुळे गाडी कलली की टायर रस्त्यावर पूर्ण टेकतो. स्विफ्टचा स्ट्रट नकलला (चाक धरणाऱ्या भागाला) दोन बोल्टांनी जोडलेला असतो, त्यामुळे त्यातला एक काढून कॅम्बर बोल्ट घातला की बहुतेक वेळा काम भागतं. हा बोल्ट मधे बारीक असतो आणि मोठ्या खड्ड्यात सरकू शकतो. घट्ट केल्यावर त्याच्या डोक्यावर आणि नकलवर रंगाची एक रेघ ओढून ठेवा, सरकला तर लगेच दिसेल.

ट्रॅकचं सेटिंग म्हणजे −२.५ ते −३ अंश आणि थोडा टो-आउट. गाडी वळणात पटकन शिरते, यात वाद नाही. पण एवढ्या कॅम्बरला सहसा कॅम्बर प्लेट (स्ट्रटचं वरचं टोक सरकवता येणाऱ्या प्लेट) लागतात, त्यांचा खडखडाट केबिनमध्ये येतो, सरळ ब्रेक मारताना टायर पूर्ण टेकत नाही आणि टो-आउटमुळे गाडी रस्त्यावरच्या प्रत्येक चाकोरीत घुसू पाहते. कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेला जाणाऱ्यांनी, तेही टायरचा वेगळा सेट असेल तरच, याचा विचार करावा. रोज हिंजवडी गाठणाऱ्याने मोह टाळावा. (घाटातही समोरून एसटी येते, हे वेगळं सांगायला नको.)

कॅम्बरने टायर आतून खाल्ला जातो, अशी भीती सगळे घालतात. खरा चोर टो असतो. एका चाकाचा टो पाव अंशाने चुकला, तर ते दर किलोमीटरला सुमारे साडेचार मीटर आडवं घासत जातं. −१.२ अंश कॅम्बर आणि शून्य टो असलेली गाडी टायर बऱ्यापैकी टिकवते. कॅम्बर कंपनीचा पण टो चुकलेला, तर नवे टायरही लवकर जातात. आतली कड उभ्याने दिसत नाही, अधूनमधून हात फिरवून बघा.

म्हणून माझं मत घाटाच्या सेटिंगला. मागचा टॉर्शन बीम (मागच्या दोन चाकांना जोडणारा दांडा) शिमशिवाय (मधे बसवायच्या पातळ चकत्यांशिवाय) हलत नाही. दोन्ही बाजूंचे आकडे जुळतात ना, एवढं पाहिलं की पुरे.

अलाइनमेंटच्या रॅकवर नेण्याआधी हवा नेमकी भरा आणि सीटवर स्वतःच्या वजनाइतकं ओझं ठेवायला सांगा. आधी कॅम्बर, टो अगदी शेवटी, कारण कॅम्बर हलवला की टोही हलतो. रिडिंग अंशात आहे की मिनिटांत, तेही विचारा: १० मिनिटं म्हणजे ०.१७ अंश, ०.१० नव्हे. −१.२ ला स्क्रीन लाल होईल आणि दुकानातला पोरगा ते हिरवं करायला धावेल. हिरवा म्हणजे फक्त कंपनीच्या मर्यादेत, हे त्याला समजावून सांगा. ऐकत नसेल तर दुसरं दुकान गाठा.