डिस्प्लेवर ५२, होजमध्ये गारठा

वापरलेलं स्प्रे फोमचं (भिंतीवर इन्सुलेशनचा फोम फवारायचं) यंत्र हीटेड होजसकट, म्हणजे तापवत्या लांब नळीसकट, घेणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. आम्हाला ज्या पद्धतीने गंडवलं, ती इतकी सोपी आहे की दुसरं कोणी ती करत नसेल, असं मला वाटत नाही.

आधी थोडं यंत्राविषयी. आयसो (आयसोसायनेट) आणि पॉलिऑल ही फोमची दोन द्रव रसायनं यंत्रातल्या मुख्य हीटरमध्ये तापतात आणि दोन वेगळ्या नळ्यांतून गनपर्यंत जातात. होजमधल्या हीटिंग वायरचं काम ती उष्णता टिकवण्याचं. होजच्या गनकडच्या टोकाला, व्हिप होजच्या (गनला जोडलेल्या आखूड लवचिक नळीच्या) अलीकडे, द्रवात बुडलेला सेन्सर असतो. तो कंट्रोलरला तापमान कळवतो आणि त्यावर करंट कमी-जास्त होतो. म्हणजे सगळा खेळ त्या एका सेन्सरच्या शब्दावर चालतो.

विक्रेत्याकडे पोचलो तेव्हा यंत्र चालूच होतं. "तुमचा वेळ जायला नको म्हणून गरम करून ठेवलंय," म्हणाला. होजच्या तापमानाचा आकडा ५२ अंश, अगदी स्थिर. त्याने न थांबता पुठ्ठ्यावर सलग फोम मारून दाखवला. फोम उत्तम होता, त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. पावतीवर 'होज तपासलेला' असंही लिहून मिळालं.

कामावर रडकथा सुरू झाली. होज ५० वर लावलेला, डिस्प्ले ५२ दाखवतोय, तरी जरा थांबून गन उघडली की पंखा (फवाऱ्याचा पसारा) आक्रसायचा, फोम नीट फुगायचा नाही, ठिपके यायचे. थोडा वेळ मारत राहिलं की सुधारायचं. विक्रेत्याला फोन केला, तर उत्तरं तयार : भिंत थंड असेल, केमिकलचा लॉट पाहा, गनची मिक्सिंग चेंबर साफ करा. यातलं प्रत्येक कारण खरोखर असू शकतं, हीच तर त्याची हुशारी. आम्ही लॉट बदलला, गन खोलली, भिंत तापवून पाहिली. व्हायचं तेच होत राहिलं.

थांबल्यावरच बिघडतं, यात खरं उत्तर होतं. सुमारे साडेनऊ मिलीमीटर आतल्या व्यासाच्या होजमध्ये दर १५ मीटरला प्रत्येक बाजूला साधारण एक लिटर द्रव मावतो. आमचा होज ६० मीटर, म्हणजे चार-चार लिटर. थांबलो की तेवढा माल होजमध्ये पडून गार व्हायचा, घट्ट व्हायचा, दोन्ही बाजूंचा दाब सारखा राहायचा नाही. तो संपून मुख्य हीटरमधला ताजा माल आला की फोम पुन्हा शहाण्यासारखा वागायचा. पुठ्ठ्यावरचा नमुना सलग का मारला होता, ते आता कळलं.

मग एका सहकाऱ्याने तापमान ५५ वर नेलं, आणि उलटंच संकट उभं राहिलं. आकडा ५२ वरून हलेना, कंट्रोलर पूर्ण करंट सोडत राहिला. होजची काही वेटोळी एकावर एक पडलेली होती, तिथून कव्हर करपल्याचा वास यायला लागला. मेन स्विच बंद केला म्हणून निभावलं. बंद होजमध्ये द्रव तापत गेला की दाबही चढत जातो. ज्यांनी फुटलेल्या होजमधून गरम आयसो उडताना पाहिलंय, त्यांना पुढचं सांगायला नको.

टेक्निशियनने सेन्सरच्या प्लगमागची काळी स्लीव्ह कापली. आत साधा १२० ओहमचा रेझिस्टर! सेन्सरच्या वायरी तोडून तिथेच बंद केलेल्या. आमच्या यंत्राला पीटी-१०० सेन्सर लागतो, तापमानाप्रमाणे ज्याचा विजेचा रोध बदलतो असा. त्याचा रोध शून्य अंशाला १०० ओहम असतो आणि ५२ अंशांच्या आसपास १२०. कंट्रोलरला बिचाऱ्याला काय कळणार! ५० मागितले की तो हीटिंग चालूच करत नव्हता, ५५ मागितले की बंद करत नव्हता. मोडका सेन्सर बदलणं होजच्या मानाने किरकोळ खर्चाचं काम. त्याऐवजी हा उद्योग, म्हणजे हे नजरचुकीने झालेलं नाही.

विक्रेत्याने पावतीच्या तळाशी बारीक अक्षरातल्या 'जसं आहे तसं' या ओळीवर बोट ठेवलं. पैसे परत मिळाले नाहीत.

यंत्र पाहायला जाणार असाल तर ते आदल्या दिवसापासून बंद ठेवायला सांगा. थंड यंत्राला वीज दिल्या दिल्या होजचा आकडा भोवतालच्या हवेइतका दिसायला हवा; तेव्हाच ५० दाखवत असेल तर पुढे बोलायचं कारण नाही. वीज बंद करून प्लग काढा आणि मल्टिमीटर लावा : ३० अंशांच्या हवेत पीटी-१०० सुमारे ११२ ओहम दाखवतो, वायरीचा रोध थोडा वर. काही यंत्रांत थर्मोकपल हा वेगळ्या प्रकारचा सेन्सर असतो, तिथे हा हिशेब लागू नाही, म्हणून आधी माहितीपुस्तिका बघा. मग होज पूर्ण उलगडून गरम करायला लावा. आकडा हळूहळू चढला पाहिजे, आणि ठरलेल्या तापमानाजवळ आल्यावर क्लॅम्प मीटरवरचा (वायरीभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजायच्या मीटरवरचा) करंट उतरला पाहिजे. बाहेरून इन्फ्रारेड थर्मामीटर मारून समाधान मानू नका, इन्सुलेशनमुळे तो कमीच दाखवतो. गनजवळ इन्सुलेशनच्या आत प्रोब सरकवून मोजा, आणि विक्रेता त्याला नाही म्हणाला तर यंत्र तिथेच सोडून या.